संशयित चिप

१९८१ साली अमेरिकेत निघालेला ‘ऑसबॉर्न १’ हा संगणक पेटीसारखा हाती धरून नेता येई. वजन मात्र सुमारे ११ किलो! त्याच्या स्मृतीचा भार ३२ चिपा वाहत. आठ चिपांची एक ओळ. त्यांची स्थाने एक, दोन, चार, आठ अशी दुपटीने चढणारी. इंग्रजी ‘ए’चा आकडा ६५. तो साठवला आणि ६७, म्हणजे ‘सी’, परत आला, तर दोनाच्या स्थानावरील चिप संशयित ठरते. परंतु केवळ संशयावरून तिला फेकणे हा अन्याय होय. चिपा खोबणीत बसवलेल्या असल्या, तर जाणकार वीज बंद करून तिची चाराच्या स्थानावरील शेजारणीशी अदलाबदल करतो. पुन्हा ‘ए’ साठवतो. आता ६९, म्हणजे ‘ई’, उमटला तर चिप सदोष; ‘सी’च आला तर ती बिचारी निर्दोष, खोट खोबणीत किंवा तारेत शोधावी.