साखरेच्या दोन पाती

मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत आमची जी वर्षे गेली, त्यांतील बरीचशी अन्न व नागरी पुरवठा खात्यात गेली. त्यामुळे साखर ही वस्तू इतरांना गोड लागत असली, तरी आम्हांला ती प्रथम जड लागली. त्या काळी साखर शंभर-शंभर किलोच्या पोत्यांतून येई. रास्त भावाच्या दुकानांसाठी कारखान्यांकडून लेव्हीची साखर घेण्याची पद्धत २०१३ साली बंद झाली. त्याआधीची कित्येक वर्षे धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतील गोदामे तपासण्यात आमचे पावसाळे गेले. पोती थेट जमिनीवर नकोत, खाली लाकडी फळ्या हव्यात. थप्पी भिंतीपासून हातभर दूर हवी. पावसाळी सकाळी गोदामाचे दार उगाच उघडे टाकू नये, हे नियम आम्हांला आजही झोपेत म्हणता येतील. साखरेला ओल लागली म्हणजे ती बिघडते, असे लोक समजतात. खरी गोष्ट थोडी निराळी आहे. ओल चढते तेव्हा दाण्यांचा पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. ती ओल पुन्हा उतरते, तेव्हा शेजारचे दोन दाणे एकमेकांना धरून बसतात आणि ढेकूळ होते. म्हणजे ढेकळाला ओल कारण होते खरी, पण ते बांधले जाते कोरड्या उन्हात.

निवृत्तीनंतर साखरेशी आमचा संबंध चहाच्या कपापुरता, आणि डॉक्टरांच्या कृपेने त्याहूनही कमी उरेल, अशी आमची समजूत होती. परंतु आमच्या सूनबाईंनी घरच्या घरी केक करून देण्याचा व्यवसाय आरंभिला आणि साखर पुन्हा आमच्या दारात येऊन उभी राहिली. देवासचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. पवारांच्या दोघा भावांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, या एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. रस्त्याच्या या बाजूस एक दरबार, त्या बाजूस दुसरा. आमच्या कुटुंबातही आज साखरेच्या अशा दोन पाती आहेत. थोरली पाती धारला, आमच्या थोरल्या वहिनींच्या स्वयंपाकघरात. तिचे नाव हलवा. धाकटी देवासला, सूनबाईंच्या ओट्यावर. तिचे नाव फॉन्डंट.

हे फॉन्डंट म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या वाचकांस सांगितले पाहिजे. हल्ली वाढदिवसाच्या केकवर जे गुळगुळीत, रंगीत, कापडासारखे आवरण दिसते आणि त्यावर बाहुल्या, फुले, मोटारी बसविलेल्या असतात, ते हे. शब्द फ्रेंच, अर्थ ‘वितळणारे’. मूळ फॉन्डंट म्हणजे साखरेचा गोळीबंद पाक. तो सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळावयाचा, न हलविता कोमट होऊ द्यावयाचा आणि मग पांढराशुभ्र लगदा होईपर्यंत घोटावयाचा. घोटल्याने साखरेचे स्फटिक इतके बारीक होतात की जिभेला रवा लागत नाही. पाकात थोडे ग्लुकोज किंवा आम्ल घालतात, ते साखर रवाळ बसू नये म्हणून. आमच्या आया पाकात लिंबू पिळत, ते याच कारणासाठी. त्यांनी त्याला रसायनशास्त्र म्हटले नाही, इतकेच. केकवर लाटून घालतात तो याचाच एक भाऊबंद. दळलेली साखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडी चरबट वस्तू आणि बांधून ठेवणारा एखादा चिकट पदार्थ यांची ती कणीक असते.

या कणकेची मर्जी सांभाळणे हे एक व्रतच आहे. तिला उघडे ठेवले की वरून पापडी धरते आणि लाटताना हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून वापरून उरलेला गोळा लागलीच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात हवा न राहील असा गुंडाळावयाचा आणि वर घट्ट झाकणाचा डबा. डबा थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी. उन्हात नाही, कारण गुलाबी आणि जांभळा हे रंग उजेडाने विटतात. घट्ट झालेला गोळा हाताच्या उबेने मळून मऊ करावयाचा, हाताला चिकटू लागला तर बोटांस किंचित तूप लावावयाचे. लाटताना मक्याचे पीठ भुरभुरावयाचे, पण बेताने. अधिक झाले की तेच पीठ ओलावा शोषून घेते आणि कडा चिरतात. फुलांच्या पाकळ्यांकरिता त्यात एक विशिष्ट डिंकासारखी भुकटी मिसळतात. मग ती कणीक वाळून कडक होते आणि पाकळी वळविली तशी उभी राहते. सर्वांत मोठा नियम फ्रिजसंबंधीचा. आम्हां लोकांस जे टिकवावयाचे ते फ्रिजमध्ये टाकण्याची सवय जडली आहे. फॉन्डंट फ्रिजमधून बाहेर काढले की पावसाळी हवेतील वाफ त्याच्या गार अंगावर धरते, त्याला घाम फुटतो, रंग ओघळतात. सूनबाईंनी हे प्रथम समजावून दिले, तेव्हा आम्हांला आमचे गोदाम आठवले. पोत्यांना जे लागू, तेच या बाहुल्यांना लागू. आम्ही तत्परतेने दोन-चार सूचना केल्या. सूनबाईंनी त्या आदराने ऐकून घेतल्या. त्यांतली फळ्यांची सूचना तेवढी अमलात आणलेली नाही.

आता थोरल्या पातीकडे वळू. धारच्या ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, त्याच्या परिसरात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या राहत आली. बोलताना हिंदी, माळवी शब्द सहज मिसळले, ताटात दालबाफले आले. पण संक्रांतीचा हलवा तेवढा कोणी सोडला नाही. आमच्या वहिनी गेली साठ वर्षे तो करीत आल्या. पौषातल्या थंडीत शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात, परातीत पांढरे तीळ. कधी खसखस, कधी साबुदाणा, कधी खरबुजाच्या बिया. शेजारी एकतारी पाक. त्यात दुधाचा शिपका देऊन मळी काढलेली. चमच्याने थोडा पाक टाकावयाचा आणि बोटांच्या अग्रांनी दाणे हळूहळू फिरवीत राहावयाचे. तो वाळला की पुन्हा थोडा. असे तासन् तास, दिवसांमागून दिवस. मग एखाद्या सकाळी दाण्यावर काटा दिसू लागतो. निखारा अधिक झाला तर साखर पिवळी पडते, हात अधिक वेगाने फिरला तर काटा मोडतो. घाई केली, पाक एकदम ओतला, तर दाणे एकमेकांस चिकटतात. हे सारे कुठल्या मापात सांगता येत नाही. ‘बोटांना कळतं,’ एवढेच वहिनी सांगत.

त्या हलव्याचे मग दागिने व्हावयाचे. एकेक दाणा दोऱ्यात गुंफून तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. आणि काळ्या चंद्रकळेवर ते घालून घरची नवी सून पहिल्या संक्रांतीला बसावयाची. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. आमच्या सौभाग्यवतींचे दागिने वहिनींनीच केले होते, सूनबाईंचेही त्यांनीच. उरलेला हलवा काचेच्या बरणीत, बरणी पाण्याच्या थाळीत, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. दागिने कापसात घालून पुठ्ठ्याच्या पेटीत. तीही पेटी फ्रिजमध्ये ठेवावयाची नाही, आणि दागिने घामेजल्या गळ्यात घालावयाचे नाहीत. ऋतू थंडीचा निवडला आहे तो उगाच नव्हे.

दोन्ही पातींचा विचार करू लागलो की आम्हांला एक मौज वाटते. मूळ द्रव्य एकच, साखर आणि पाणी. कौशल्य एकच, स्फटिकावर ताबा. परंतु एकीचे सारे तप काटा यावा म्हणून, तर दुसरीचे काटा मुळीच येऊ नये म्हणून. एक म्हणते, साखरेला तिच्या स्वभावाने वाढू द्या. दुसरी म्हणते, तिचा स्वभाव इतका बारीक करा की तो कोणास जाणवू नये. शत्रू मात्र दोघींचा सामाईक आहे, तो म्हणजे ओलावा. माळव्याच्या हिवाळी हवेचे वरदान दोघींनाही आहे. ज्या कोरड्या हवेसाठी, फुप्फुसाच्या आजाराने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले, तीच ही हवा. तिने एका थोर गायकाचा श्वास सांभाळला. वहिनींच्या हलव्याचा काटा सांभाळणे तिला काय अवघड होते? पण आषाढ-श्रावणात हीच हवा पालटते आणि मग माणसाची परीक्षा लागते.

अशी परीक्षा एका श्रावणात आली. वहिनींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा धारला ठरला आणि सूनबाईंनी केक नेण्याचे मनात घेतले. देवासहून इंदूरमार्गे धार म्हणजे शंभरएक किलोमीटर, आणि पाऊस असा की वायपर थांबत नव्हता. केकला अंडे नाही. वर क्रीमऐवजी चॉकलेटचा घट्ट लेप, कारण क्रीम फ्रिजवाचून राहत नाही आणि फॉन्डंट फ्रिजमध्ये सुखी नसते. सगळा डोलारा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोके गाडीच्या सपाट तळाशी. धारला पोहोचताच मुलांनी खोके उघडण्याचा आग्रह धरला. सूनबाईंनी तासभर कोणास हात लावू दिला नाही. गाडीतील गारव्याने केक थंड झालेला. तो बंद खोक्यातच घराच्या उबेला आला तर त्याला घाम फुटत नाही. तासानंतर खोके उघडले. आत फॉन्डंटची परात होती, तीत हलवा, आणि कडेने चिंचपेटी, तन्मणी, बाजूबंद मांडलेले.

वहिनींनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले. मग विचारले, ‘‘यात काय काय असतं गं? मी खाल्लं तर चालेल ना?’’ प्रश्न योग्य होता. काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून काढतात. सूनबाईंनी पाकिटाचा हिरवा ठिपका आधीच जपून आणला होता. ‘‘तुमच्यासाठी बघूनच घेतलंय, काकू.’’ वहिनींनी एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘छान झालंय. पण काटा कुठाय?’’ सगळे हसले. सूनबाई हसल्या नाहीत. ‘‘तो तुम्ही शिकवा,’’ त्या म्हणाल्या. मेणबत्त्या मात्र कोणी विझविल्या नाहीत. ओवाळण्याच्या दिवशी दिवा विझवू नये, असे वहिनींचे म्हणणे पडले आणि निरांजनाच्या उजेडातच केक कापला गेला.

त्या हसण्यात एक गोष्ट लपून राहिली होती, ती आम्हांला पौषात समजली. वहिनींच्या बोटांची संवेदना ओसरू लागली होती. परातीचा ताव त्यांना कळेना. दोन वर्षे त्यांनी हलवा केला नव्हता, आणि घरात जो आला होता तो पाकिटातला, विकतचा, हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. विकतच्या हलव्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. पुण्याहून सुबक दागिने दोन दिवसांत घरपोच येतात, आणि ज्या घरात करणारे कोणी नाही त्या घराची हौस ते पुरवितात. परंतु आमच्या घरी करणारे कोणी आहे, असे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. ते गृहीत एका वृद्ध स्त्रीच्या दहा बोटांवर उभे होते.

सूनबाई त्या पौषात बारा दिवस धारला राहिल्या. हातातल्या मागण्या त्यांनी पुढे ढकलल्या. व्यवसायात हे नुकसानच. वहिनी शेजारी पाटावर बसून डोळ्यांनी शिकवीत. ‘थांब’, ‘आता टाक’, ‘ऐक, दाण्यांचा आवाज बदलला’. परातीतल्या कोरड्या दाण्यांचा आवाज ओल्यांहून निराळा असतो, हे आम्ही आयुष्यात प्रथम त्या वेळी ऐकले. साठ वर्षे जे ज्ञान बोटांत होते, ते आता कानाकडे आणि शब्दांकडे सरकत होते, कारण त्याला दुसरा मार्ग उरला नव्हता. फॉन्डंट मळून मळून सूनबाईंच्या हाताला साखरेची जाण आधीच आलेली होती. ओलावा कुठे आहे, कुठे नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. नवव्या दिवशी काटा दिसला. आखूड होता, पण होता. नातीच्या बोरन्हाणाला मुकुट त्याच हलव्याचा झाला; बासरीला दाणे पुरले नाहीत.

साखरेच्या वस्तू टिकविण्याचे नियम आम्ही वर सांगितले. ते पाळले तर फॉन्डंटचे फूल काही महिने राहील, हलव्याचा हार पुढच्या पावसाळ्यापर्यंत धीर धरील. त्याहून अधिक काळ या वस्तूंनी टिकावे, अशी कोणाची अपेक्षाही नसते. त्या शेवटी खाण्यासाठी, वाटण्यासाठीच असतात. जपावयाचा असतो तो हात, आणि त्याला घट्ट झाकणाचा डबा चालत नाही. तो दुसऱ्याच्या हाताशी बसवूनच जपावा लागतो, तेही पहिला हात थकण्यापूर्वी. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी कोणी वहिनी, आत्या, मावशी अजून परातीशी बसत असेल, त्यांना आमची विनंती एवढीच की, यंदाच्या पौषात कोणास तरी तिच्या शेजारी पाट मांडून द्यावा. माळव्यात त्या वेळी हवा कोरडी असते.