चारशे ब्याऐंशी

शाळेत गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे टक्क्यांवर माझी श्रद्धा जरा बेताचीच. मे महिन्यात दहावीचे पेपर तपासताना अर्ध्या अर्ध्या गुणासाठी मॉडरेटरशी वाद घातलेली मी बाई. 2019 साली भाषा आणि समाजशास्त्रात शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल धाडकन 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले, तर 95.30! (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, ती गोष्ट वेगळी.) एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं काही एवढी हुशार झाली नव्हती. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय, की आमचे हे आता पुढचा आकडा स्वतःच म्हणतात.

यांचं सगळं उलट. बँकेत होते. छापील आकडा दिसला की तो खरा. आम्ही दोघं जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे. मी 1969 ची, फर्स्ट क्लास. यांना त्रेपन्न टक्के, आणि त्या त्रेपन्न टक्क्यांवर गावात घोडा मिळाला नाही एवढंच, असं सासूबाई सांगायच्या.

आता डोंबिवलीत दोघंच असतो. मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडवर, मुलगी कल्याणला. सकाळी हे दूध आणायला जातात, येताना गणपती मंदिरात डोकावतात आणि बाहेर कट्ट्यावर तासभर बसतात. दूध तोवर पिशवीत कोमट होतं. कट्ट्यावर कोणाचा नातू कुठल्या कॉलेजात, कोणाची नात किती टक्क्यांना अडली, याची खडान्खडा माहिती मिळते. पण तिथला एक शिष्टाचार आहे. स्वतःहून सांगायचं नाही, कोणीतरी विचारेल अशी व्यवस्था करायची. पेढ्यांचा बॉक्स पारदर्शक पिशवीतून न्यायचा, म्हणजे ‘काय हो, आज काय विशेष?’ आपोआप येतं. त्यावर ‘काही नाही हो, नातीचं आपलं...’ एवढं म्हणून थांबायचं. पुढचं समोरचा काढून घेतो.

नातीच्या दहावीचा निकाल 13 मे 2025 ला, मंगळवारी दुपारी एकला लागणार होता. यांनी तिचा बैठक क्रमांक कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. बारापासून मोबाईल घेऊन बसले. निकाल बघायला बैठक क्रमांकाबरोबर आईचं नाव लागतं, आणि सुनेच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ई की दोन, यावर आमची चर्चा सुरू झाली. ती संपायच्या आत ठाण्याहून फोन आला. चारशे ब्याऐंशी. म्हणजे 96.40 टक्के.

आम्ही तसेच निघालो. दोनच्या सुमाराची लोकल यांनी नोकरीत असताना कधी बघितलीच नव्हती. पहाटेची बघितली आणि रात्रीची. आता खिडकी मिळाली की यांना आपण निवृत्त झालो याची खात्री पटते. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, प्रत्येक स्टेशनला यांनी शेजारच्या माणसाकडे बघून घसा खाकरला. पारदर्शक पिशवी मांडीवर होतीच. कळव्याला तो माणूस उतरून गेला, एका शब्दाने विचारलं नाही. ठाण्याला उतरल्यावर हे म्हणाले, “लोकांना हल्ली एकमेकांची चौकशीच राहिली नाही.” मग रिक्षा, माजिवडा, कापूरबावडी, मेट्रोच्या खांबांच्या बाजूबाजूने रखडत घर.

दार उघडलं तर आत उत्सवाचं काही नव्हतं. मुलगा आणि सून लॅपटॉपवर गेल्या वर्षीचे कटऑफ बघत बसलेले. अकरावी आता राज्यभर ऑनलाइन, दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची, मग क्लास, मग बस कुठून. नात पायावर पाय टाकून शांत. मी जवळ बसले तर हळूच म्हणाली, “आजी, त्यातले सात चित्रकलेचे आहेत हं.” इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, त्याचे सात मिळतात. म्हणजे 475. बरोबर पंच्याण्णव टक्के. मनातल्या मनात मी भागाकार केला आणि तिने माझ्याकडे बघून ओळखलं. “केलास ना हिशोब? मला माहीतच होतं.”

गणितात सत्त्याण्णव होते. बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस, वरचे वीस शाळेचे. तीन कुठे गेले, ते मी विचारणार होते. खरंच विचारणार होते. पण यांनी तेवढ्यात तिच्या तोंडात पेढा कोंबला.

मला त्या बैठकीत आमचा मुलगाच आठवत होता. 1995 ची दहावी. तो परीक्षेला म्हणून मी त्या वर्षी पेपर तपासायचं काम घेतलं नव्हतं. निकाल शाळेत मिळायचा, आणि शाळा माझीच. स्टाफरूममध्ये तोंड भरून आनंद दाखवायची सोय नव्हती. एक्क्याऐंशी टक्के. तेव्हा ते फार होते. हे रात्री साडेआठला आले, तेव्हा त्यांना कळलं. तोवर चाळीतल्या सगळ्यांना कळून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक मुलुंडला फॉर्मच्या रांगेत. म्हणजे आनंद करायला आम्हाला एक संध्याकाळ मिळाली, आणि त्यातली अर्धी पाणी जाईल म्हणून बादल्या भरण्यात गेली. आता तोच मुलगा कपाळाला आठ्या घालून कटऑफ बघत होता, आणि त्या घरात पूर्ण मोकळेपणी खूष असे आम्ही दोन म्हातारेच होतो. आम्हाला कुठलंच कॉलेज निवडायचं नव्हतं. मी तीन पेढे खाल्ले. शुगर आहे, पण त्या दिवशी कोणी मोजत नव्हतं. सून नेहमी मोजते.

यांनी मग ज्येष्ठ नागरिक संघाच्या सत्काराचा अर्ज आणला. सभासदांच्या नातवंडांना चालतं, ठाण्याची असली तरी. गुणपत्रिकेची झेरॉक्स, फोटो, सगळं जोडलं. नात कुरकुरली, “आजोबा, आमच्या सोसायटीत असं कोणी करत नाही.” तरी आली. गुलाबाचं फूल, पुस्तक आणि घडीची छत्री मिळाली. निवेदिकाबाईंनी सगळ्यांचे टक्के वाचले. साठ टक्क्यांच्या एका मुलाचंही नाव होतं, आणि सगळ्यांत मोठी टाळी त्याच्याच आजीने वाजवली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. मला त्या बाई फार आवडल्या.

कल्याणचा नातू यांच्या ताब्यात आहे. त्याची पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा 9 फेब्रुवारी 2025 ला झाली. दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे. गणित मी फोनवर घ्यायची; बुद्धिमत्ता चाचणी यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली. आरशातलं घड्याळ, सांकेतिक भाषा, घन उलगडल्यावर कुठली बाजू वर. हे आठवड्यातून एकदा लोकलने कल्याणला जायचे आणि रात्री परत आले की माझ्याच हँडबॅगमधला छोटा आरसा काढून भिंतीवरच्या घड्याळासमोर धरायचे. आरशात सव्वातीन दिसतात तर खरे किती? पावणेनऊ, मी स्वयंपाकघरातून सांगायची. हे मान्य करायला पाच मिनिटं घ्यायचे.

एप्रिलअखेर अंतरिम निकाल आला. तीनशेपैकी दोनशे चव्वेचाळीस. नातवाने फोनवर पहिलं वाक्य टाकलं, “आजोबा, बुद्धिमत्तेत तुम्ही शिकवलेले दोन चुकले.” यांनी कट्ट्यावर मात्र फक्त दोनशे चव्वेचाळीस सांगितले.

आता शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेली आहे. म्हणजे आठवीची वाट न बघता आमच्या नातवाला सातवीतच बसावं लागणार. हे परवा फडके रोडवरून सातवीचं पुस्तक घेऊन आले, पुठ्ठ्याचं कव्हर घातलं आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं. मी विचारलं, नातवाचं का नाही? म्हणाले, “आधी मी सोडवतो. त्याला चुकीचं शिकवलं की तो जाहीर करतो.”