पेल्यात उरलेली थंडाई

पहाटे चार वाजता तालमीचे कवाड उघडून, तेलाताकाने मुरवलेल्या तांबड्या मातीला फावडे लागण्यापूर्वी वस्तीच्या पोरांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवावी, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. परंतु त्या नजरेने काय शोधावे हे कळायला मला एका पोराची कुस्ती घालवावी लागली.

जत्रेचे मैदान महिन्यावर आले होते. पोर एकोणीस वर्षांचे, अंगाने सणसणीत, आणि आज्ञेत इतके, की हजाराच्या जागी दीड हजार जोर फर्मावले तरी ‘होय वस्ताद’ याखेरीज शब्द काढीत नसे. दुसऱ्या पंधरवड्यात त्याचा हात जड पडू लागला, थंडाईचा पेला अर्धा ठेवून तो उठू लागला, आणि दिवसभर राबलेले ते शरीर रात्री मात्र कूस बदलत जागे राहू लागले. ही सारी लक्षणे डोळ्यांसमोर असता मी त्यांचा अर्थ आळस असा लावला, खुराकात तूप वाढवले आणि मेहनतही वाढवली. मैदानात, ज्या पटात तो एरवी विजेसारखा शिरे, त्याच पटात शिरताना त्याचे गुडघे टेकले, आणि दोन मिनिटांत तो चीत झाला. पुन्हा पहिल्यासारखा लढायला त्याला तीन महिने लागले.

मेहनतीत स्नायूंचे तंतू सूक्ष्मपणे फाटतात, त्यांतील शर्करेचा साठा रिता होतो. त्याची भरपाई, आणि भरपाईहून किंचित अधिक भर, पडते ती पुढील निद्रेत व विसाव्यात, आणि ती पडण्याआधीच नवा तगादा लावला तर शरीर मुद्दलातून देऊ लागते. हान्स सेली या संशोधकाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून अशा तीन अवस्था नोंदल्या: प्रथम हादरा, मग प्रतिकार, आणि ताण न हटल्यास अखेर क्षीणता. आमच्या वाग्भटाने तर, स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानांनाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगून ठेवला आहे. मल्लाने हे शब्दशः पाळावे असे माझे मत नाही, कारण पूर्ण शक्ती पणाला लावल्यावाचून तिची मर्यादा सरकत नाही. सवाल दुसऱ्या दिवसाचा आहे.

म्हणून आता पोर अंथरुणातून उठण्यापूर्वीच मी त्याची नाडी मोजतो. एरवी ५२ वर चालणारी नाडी लागोपाठ तीन दिवस ६० च्या पुढे दिसली, की जोर-बैठका बंद. अर्थात नाडीही कधी फसवते, फार झिजलेल्या शरीरात ती उलट मंदावते. सबब माझा अधिक भरवसा पेल्यावर. थंडाई तळाशी उरली, की त्या दिवशी त्याचा लंगोट खुंटीवरच राहतो.