नऊ एकांची चढण

नऊ एक ओळीत मांडावेत, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणावं. त्यासाठी कागद-पेन्सिलच हवी. प्रत्येक ओळ आधीचीच, फक्त एक घर डावीकडे सरकलेली. नऊ ओळी झाल्या की कागदभर नुसते एक उभे. मग उभी बेरीज. उजव्या टोकाच्या घरात एक, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या घरात नऊ, आणि तिथून उतार. १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, आणि कुठेही हातचा नाही! ‘लीलावती’तल्या स्थानांच्या यादीत हिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी बसतो; त्यापुढे परार्धच. एवढी मोठी संख्या, पण अंक मोजता येणाऱ्या कुठल्याही मुलाला ती एकदा ऐकून पाठ होते.

हिची धाकटी बहीण फार जुनी. ९व्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या सांगितली आहे: १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांचा वर्ग. विसाव्या शतकात देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. जीआयपी रेल्वेवरच्या ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचं हे नाव, आजचं डोंबिवली. गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत कुणाच्या तरी मनात एकांच्या ओळी सरकत होत्या, या विचारानेच मला आनंद होतो.

पण हिचं खरं सौंदर्य आत आहे. उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. दोघांची बेरीज ९९९९९९९९९. हा योगायोग नव्हे. नऊ एकांच्या संख्येला नवाने भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९, ज्यात आठ नाही. म्हणून आपली संख्या म्हणजे या १२३४५६७९ ची ९९९९९९९९९ पट. आता नऊ नऊ म्हणजे अब्जाला एक कमी. तेव्हा १२३४५६७९ वर नऊ शून्यं द्या आणि त्यातून तीच संख्या वजा करा: डावीकडे एक उसना गेल्यामुळे १२३४५६७८ उरतात, उजवीकडे ९८७६५४३२१. हरवलेला आठ त्या उसन्यातून परत येतो. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या वजाबाकीकडे पाहत राहिलो.

दहावा एक आला की मात्र घडी मोडते. मधल्या घरात दहा होतात, शून्य लिहून हातचा एक शेजारच्या नवाला जातो; तिथेही दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा; तो आठाला मिळतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ पुन्हा नाहीसा, या वेळी हातच्यामुळे. सोळाच्या पायावर मोजणाऱ्यांना हा अडसर पंधरा एकांपर्यंत येत नाही.