झाडांचे अंतेवासी

इतिहासाच्या शिक्षकाने बुरशीवर लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. संपादक मंडळाला माझ्याकडून शाळेच्या जडणघडणीवर लेख हवा होता. तो विषय माझ्याहून ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याच अंकात समर्थपणे हाताळला आहे. म्हणून गेली काही वर्षे ज्या विषयाने मला धरून ठेवले आहे, त्याविषयी लिहितो. हा विषय माझ्याकडे ग्रंथालयातून आला नाही, रुग्णालयातून आला.

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर दर तीन आठवड्यांनी तिला सलाईनमधून औषध दिले जाई. त्याचे नाव पॅक्लिटॅक्सेल. पहिल्याच खेपेला तिने परिचारिकेला विचारले, "हे कशापासून करतात गं?" ती म्हणाली, "मूळचं एका झाडाच्या सालीतलं आहे, मावशी." अक्का सातवीपर्यंत शिकलेली, सारे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेले. झाड म्हटल्यावर तिला राहवेना. "तू एवढा एम.ए. झालास ना, मग शोध की कोणतं झाड ते," म्हणून तिने मला कामाला लावले.

शोधता शोधता मी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जंगलात पोहोचलो. १९६२ साली आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यू या सदाहरित झाडाची साल गोळा केली. कर्करोगावर उपयोगी पडतील अशी द्रव्ये वनस्पतींत शोधण्याची तेथील सरकारची मोहीम चालू होती. ती साल नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याकडे गेली. त्यांचे सहकारी होते मनसुख वाणी. हे नाव वाचले आणि मी थबकलो. वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेत. या दोघांनी १९७१ साली त्या सालीतील द्रव्याची रचना जगासमोर मांडली. तेच टॅक्सॉल, आजचे पॅक्लिटॅक्सेल. ते पेशीविभाजनाचा सांगाडा जखडून ठेवते आणि त्यामुळे कर्करोगाची पेशी दुभंगू शकत नाही, हे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवले. १९९२च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०२० साली वाणी वारले. नंदुरबारच्या या माणसाचे नाव माझ्या एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते. तोवर मीही कुठे ऐकले होते?

अडचण सालीची होती. शंभर वर्षे वाढलेल्या एका झाडापासून सुमारे तीन किलो साल मिळते, तिच्यातून निघणारे औषध ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण एका रुग्णाची एक मात्रा. आणि साल सोलली की झाड मरते. हे मी अक्काला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या सहा खेपांना सहा झाडं?" आता तसे नाही, हे तिला समजावून सांगावे लागले. यूच्याच जातीतील झाडांच्या पानांपासून मिळणाऱ्या द्रव्यावर प्रक्रिया करून, किंवा यूच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून हे औषध आज बनवले जाते. त्या दिवशी ती नीट जेवली.

मात्र शास्त्रज्ञांनी आणखी एक वाट शोधून पाहिली होती आणि माझे मन तिच्यातच गुंतले. १९९३ साली मोंटाना राज्यातील गॅरी स्ट्रोबेल, अँड्रिया स्टिअर्ल आणि डोनाल्ड स्टिअर्ल यांनी जाहीर केले की यूच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच टॅक्सॉल बनवते. तिचे नाव त्यांनी 'टॅक्सोमायसिस अँड्रिआनी' असे ठेवले. प्रमाण अत्यल्प होते, एका लिटरला काही नॅनोग्रॅम. पण कल्पना विलक्षण होती: बुरशी टाकीत वाढवता येते, मग झाडाला हात कशाला लावायचा?

झाडाच्या आत बुरशी राहते म्हणजे काय? कुजलेल्या लाकडावरची किंवा रोग पाडणारी बुरशी येथे अभिप्रेत नाही. धडधाकट, हिरव्यागार पानातही पेशींच्या मधल्या जागेत सूक्ष्म कवकतंतू असतात आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. अशा जीवांना जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६६ साली 'एन्डोफाइट' हे नाव दिले. पाली वाङ्मयात गुरूच्या सहवासात राहून शिकणाऱ्याला 'अंतेवासिक' म्हणतात. मी मुलांना तोच शब्द सांगितला. निवासी शाळेतील मुले ती! त्यांनी तत्काळ त्याचे 'झाडाचे वसतिगृह' करून टाकले.

विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या वर्गाकडून याचा एक प्रयोग करून घेतला. त्यांच्या परवानगीने मी मागच्या बाकावर बसलो होतो. बटाट्याचे उकळलेले पाणी, साखर आणि वाण्याकडून आणलेले चायना ग्रास यांची खळ करून, ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केली. आवारातील कडुलिंब आणि अडुळशाची ताजी पाने धुऊन अल्कोहोलमध्ये, मग ब्लीचच्या द्रावणात ठराविक वेळ बुडवली आणि उकळून थंड केलेल्या पाण्याने पुन्हा धुतली. पृष्ठभागावरचे सारे जंतू मरावेत हा हेतू. मग पानांचे बारीक तुकडे बशीतील खळीवर ठेवून बशा चिकटपट्टीने बंद केल्या. खरी गंमत एका वेगळ्या बशीत होती. तिच्यात पान नव्हते. शेवटच्या धुण्यातले पाणी तेवढे ओतलेले होते. त्या बशीत काही उगवले तर पान नीट धुतले गेले नाही आणि साराच पुरावा बाद. साक्षीदाराची उलटतपासणी म्हणतात ती हीच. इतिहासाच्या वर्गात इतक्या सोप्या रीतीने ती मला कधी शिकवता आली नव्हती.

आठवड्याने पाहिले तर दोन बशा बिघडल्या होत्या. बाकीच्यांत पानांच्या कापलेल्या कडांतून पांढरी, राखी, एके ठिकाणी काळपट हिरवी लव बाहेर आलेली. पाण्याची बशी स्वच्छ. एका मुलीने विचारले, "सर, हे आत आहेत ते झाडाला कळतं का?" या प्रश्नावर जगभर संशोधन चालू आहे. काही अंतेवासी झाडाला दुष्काळ सोसायला किंवा किडीला दूर ठेवायला मदत करतात. काही नुसतेच राहतात. काही तर झाड अशक्त झाले की त्याच्यावरच उलटतात. बाईंनी बशा न उघडता पुन्हा कुकरमध्ये शिजवून मग फेकल्या, हेही सांगितले पाहिजे. घरी प्रयोग करू पाहणाऱ्या उत्साही पालकांसाठी ही सूचना.

आता आपल्या सह्याद्रीकडे येतो. आपल्या घाटातील जंगलात नरक्या नावाचे लहानसे झाड आहे. त्याच्या उग्र दुर्गंधीवरून शास्त्रीय नावातही पूर्वी 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी हा शब्द होता. ज्याला वास म्हणून नाव ठेवले गेले, त्याच्यात काय होते? वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले होते. १९७२ साली ते आपल्या नरक्यात सापडले, तेही भरपूर. तेव्हापासून नरक्यामागे कुऱ्हाड लागली. तस्करीच्या बातम्या मी कापून ठेवतो. त्यांत पकडला गेलेला असतो तो लाकूड तोडणारा मजूर किंवा टेम्पोचा चालक. माल पुढे कोणाकडे जायचा होता, हे बातमीच्या शेवटच्या ओळीपर्यंत समजत नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. अक्काच्या आजारात नरक्याचा काढा सुचवणारे दोघे भेटले होते. कच्चे कॅम्प्टोथेसिन १९७०च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिले गेले. मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर गंभीर दुष्परिणामांमुळे ते थांबवावे लागले. पुढे त्याच्या रचनेत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. त्यांना १९९६ साली मान्यता मिळाली. म्हणजे झाडापासून औषधापर्यंत ३० वर्षे लागली. ही ३० वर्षे काढ्याच्या पातेल्यात मावत नाहीत. आपल्या वस्त्यांत उपचाराला उशीर होतो तो पैशाअभावी तर होतोच, या काढ्यांपायीही होतो. तथागतांचे वैद्य जीवक यांची कथा आपल्या मुलांना पाठ आहे: औषधी नसलेली एखादी वनस्पती आण, असे तक्षशिलेच्या आचार्यांनी सांगितले आणि जीवक रिकाम्या हाताने परतले. पण जीवकांनी तेथे सात वर्षे अध्ययन केले होते, हा भाग सांगताना आपण घाई करतो.

२००५ साली जम्मूच्या शासकीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आतून एक बुरशी वेगळी केली. ती प्रयोगशाळेत वाढवली असता कॅम्प्टोथेसिन बनवत असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. झाडे वाचली, असे वाटावे असा हा क्षण. परंतु पुढचे वाचन मला अधिक शिकवून गेले. झाडाबाहेर काढलेली अशी बुरशी एका बशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेत गेले की तिची ही विद्या ओसरत जाते. डॉर्टमुंड येथील संशोधकांनी चिनी झाडातील बुरशीचा अभ्यास करून २०११ साली कारण मांडले: द्रव्य बनवण्याच्या साखळीतील एक कळीचे विकर बुरशीकडे नाहीच, ते तिला यजमान झाडाकडून घ्यावे लागते. पुढे २०१३ साली जर्मनीतील दुसऱ्या एका गटाने टॅक्सॉलच्या बुरशी पुन्हा तपासल्या. त्यांत मोंटानातील मूळ बुरशीही होती. स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवण्याची क्षमता त्यांना तिच्यात आढळली नाही. आजही पॅक्लिटॅक्सेल बुरशीपासून तयार होत नाही.

ताम्रपट खोटा ठरला म्हणून इतिहास संपत नाही, तसेच हे आहे. या वाटेवर खरे यशही आहे. स्पेनमध्ये ज्युनिपर या झाडाच्या पानांतील एका बुरशीत एन्फुमाफंजिन हे द्रव्य सापडले. त्याच्यापासून घडवलेल्या इब्रेक्झाफंजर्प या बुरशीनाशक औषधाला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ही मान्यता स्त्रियांच्या नाजूक दुखण्यासाठी होती. पानातल्या एका बुरशीने दुसऱ्या बुरशीवर औषध द्यावे, हे मला टॅक्सॉलच्या कथेइतकेच मोलाचे वाटते. वर्तमानपत्रांत मात्र त्याला दोन ओळीही मिळाल्या नाहीत.

अक्काला उपचारानंतर चार वर्षे मिळाली. तिच्या नातीचा दहावीचा निकाल आपल्याच शाळेच्या फलकावर तिने पाहिला. पुढे आजार उलटला. शेवटच्या दिवसांत मी तिला नरक्याची सारी कथा सांगितली. तिचा प्रश्न नेहमीप्रमाणे माझ्या वाचनाच्या पुढचा होता: "आतल्या बुरशीतून औषध निघालं तर ते कुणाचं? झाडाचं, का जंगलात राहणाऱ्यांचं?"

२००२च्या जैवविविधता कायद्यात याचे काही उत्तर आहे. त्यातील जैविक संसाधनांच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात आणि त्यांच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा धरलेला आहे. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी आणि तिने लोकांकडून माहिती घेऊन जैवविविधता नोंदवही करावी, अशी तरतूद आहे. आमच्या गावची नोंदवही मी पाहिली. पाने बरीच कोरी होती. वनस्पतींच्या यादीत नावे होती, पण त्या कोणाला ठाऊक आहेत हा रकाना रिकामा. गावाबाहेरच्या वस्तीतील म्हाताऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते.

गेल्या वर्षीपासून नववी-दहावीची मुले रविवारी दुपारी वही घेऊन त्या वस्तीत जातात. आतापर्यंत ४३ झाडांची नावे, त्यांचे उपयोग आणि सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिच्या संमतीने, अशी नोंद झाली आहे. ग्रामसेवकांनी ती यादी स्वीकारली असून पुढील ग्रामसभेत ती वाचली जाणार आहे. करंज आणि गुळवेलीच्या पानांच्या बशा बाईंनी पावसाळ्यानंतर लावायच्या ठरवल्या आहेत. त्यासाठी एक जुना प्रेशर कुकर कोणा माजी विद्यार्थ्याने दिल्यास स्वयंपाकघरातील मावशींची कुरकुर थांबेल.