पाच तोळ्यांची गोळी

एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. इंग्रजांनी १८३३ मध्ये हे माप पक्कं केलं. पुढं दशमान पद्धत आली, ग्रॅम आले, तरी आपल्या बोलण्यातून तोळा काही गेला नाही. इंग्रज बंदुकीची गोळीही ग्रेनमध्येच तोलत. लंडनच्या जेफरी कंपनीनं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हत्ती-गेंड्यांसाठी ‘.६०० नायट्रो एक्सप्रेस’ नावाचं काडतूस काढलं. त्याची गोळी ९०० ग्रेनची. भागाकार करून बघा. बरोबर पाच तोळे, गुंजभर इकडे ना तिकडे.

हे ध्यानात आल्यावर मला राहवेना. आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरून मछली खडकानं पुढं गेलं की सराफा येतो. तिथल्या एका जुन्या पेढीवर विचारलं, “मामा, तोळ्याची जुनी वजनं ठेवलीत का हो?” मामांनी गल्ल्याखालून लाकडी पेटी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि पाच तोळ्यांचं पितळी वजन माझ्या तळहातावर ठेवलं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, अंगावर शिक्क्याची पुसट खूण. “कुणाचं लग्न काढलंय?” त्यांनी विचारलं. या गल्लीत पाच तोळे म्हटलं की लग्नच आठवणार. मी मूठ मिटली. एवढ्या वजनाचं शिसं सेकंदाला जवळपास ६०० मीटर वेगानं सुटतं आणि तेवढाच हिसका मारणाऱ्याच्या खांद्याला बसतो. म्हणून ती रायफलच सात किलोच्या घरातली करावी लागे. हलकी बंदूक त्या माराला टिकली असती, माणूस टिकला नसता.

एवढं मोठं काडतूस कशासाठी, याचं पहिलं उत्तर जनावराच्या अंगात आहे. हत्तीची कवटी किंवा गव्याचा खांदा फोडून आत पोचायचं तर गोळी जड आणि टणक हवी. दुसरं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते आपल्या उन्हाळ्यात आहे. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीनं ‘.४५० नायट्रो एक्सप्रेस’ काढलं, तेव्हा काळ्या दारूची जागा कॉर्डाइट घेत होतं. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलीन मिळून केलेल्या त्याच्या काड्या शेवयांसारख्या जुडी करून पितळी नळकांड्यात भरत. धूर कमी, जोर जास्त. खोड एकच, उन्हात तापलं की ते जास्त दाब काढतं. इंग्लंडच्या थंडीत गुमान चालणारं काडतूस इथल्या मे महिन्यात नळीत फुगून अडकून बसलं, आणि समोर जखमी वाघ असला, तर संपलंच. म्हणून कारागिरांनी नळकांडं मुद्दाम ऐसपैस केलं. दारूला जागा मोकळी, दाब कमी, आणि रिकामं टरफल कितीही ऊन असलं तरी सटकन बाहेर. आजच्या मॅग्नम काडतुसांमधला दाब याहून कितीतरी जास्त असतो. करंगळीहून लांब असं ते टरफल दिसायला राक्षसी, पण त्यामागचा विचार सबुरीचा आहे, आणि त्या कारागिरांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

बंदूकही तशीच विचारानं घडवलेली. दुनळी रायफलीत दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप. एक बाजू दगा देईल तर दुसरी हाताशी. जखमी वाघ झाडीत सोडून घरी यायचं नाही, पायी माग काढून त्याला संपवायचं, असा शिकारीतला दंडक होता. त्या पायवाटेवर दुसरी गोळी म्हणजे दुसरा जन्म.

पण या काडतुसांच्या घराण्यात एक वेगळंच भय शिरलेलं आहे, आणि ते जनावराचं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० मापाची काडतुसं आणायला बंदी केली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच नको त्या हातांत गेल्या होत्या. शिकारी साहेबाच्या काडतुसातली गोळी उपसून ती उद्या आपल्यावरच झाडली जाईल, अशी धास्ती. मग लंडनचे बंदूकवाले कामाला लागले. .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं एकामागून एक पुढं आली. ४५० ची गोळी आणि ४७० ची गोळी यांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. वाघाला, गव्याला त्या फरकाचं काय? तो फरक प्रजेसाठी होता. जगभरचे शिकारी आजही ‘.४७०’ चं नाव कौतुकानं घेतात. त्या आकड्यात आपल्या माणसांची धास्ती घेतलेलं एक सरकार बसलेलं आहे, ही गोष्ट निदान आपण तरी विसरू नये.

आपलं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी नावाजलेले. त्यांच्या दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १९०२ मध्ये काढलेला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नीचा फोटो प्रसिद्ध आहे. मेलेला वाघ पायाशी आणि साहेब ताठ उभा. अशा फोटोंमध्ये मी नेहमी कडेची माणसं शोधतो. डबे, ढोल बडवत रान उठवणारे हाकारे. वाघ हाक्यातून उलटला की पहिली गाठ त्यांच्याशी. मचाणावरच्या माणसाकडं अडीच-पावणेतीन तोळ्यांच्या दोन गोळ्या, आणि हाकाऱ्याच्या हातात काठी. माझ्या लेखी त्या रानातला खरा धीट माणूस हाच, आणि त्याचं नाव कुठल्याच फोटोखाली लिहिलेलं नसतं.

नाव कोरून ठेवलं ते कॅप्टन जॉन स्मिथनं. २८ एप्रिल १८१९ ला वाघाच्या मागावर असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, असं सांगतात. दहाव्या लेण्यात त्यानं खांबावरच्या चित्रावर आपलं नाव ओरखडलं. त्याच्या काळी पितळी काडतूस नव्हतंच. ठासणीची बंदूक, दारू ओतायची, गोळी गजानं ठोकायची, चकमकीची ठिणगी पडली तर बार. वाघ त्याला मिळाला की नाही, कोण जाणे. चित्राला मात्र जखम झाली.

मोठ्या काडतुसाचा दरारा मला शिकारी जिम कॉर्बेट यांनी कमी करून दिला. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली. तिची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे तोळाभरही नाही, जेमतेम पाऊण तोळा. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी तिनंच मारला. जनावर कुठं वळेल, वारा कुठला आहे, वानर कुठल्या झाडावरून ओरडलं, हे ज्याला कळतं त्याला पाच तोळ्यांची गरज पडत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शौकाची शिकार संपली. बरं झालं. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ आपल्या गौताळ्याच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. कित्येक दशकांनी तिथं वाघ आला होता. ती बातमी गुलमंडीवर मी चारचौघांना थांबवून सांगितली. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये बिबट्या थेट सिडकोत, एन-१ मध्ये शिरला होता. काही तासांच्या धावपळीनंतर त्याला भूल देऊन पकडलं.

भुलीच्या बंदुकीचा हिशेब सगळा उलटा. वायूचा दाब अंतर बघून कमी-जास्त करायचा, कारण सुई जोरात गेली तर हाड मोडेल, आतडं फाटेल. पोचेल इतपतच जोर, त्यावर जराही नाही. जनावराचं वजन नजरेनं जोखायचं आणि औषधाची मात्रा ठरवायची. मात्रा चढली तर श्वास थांबेल, कमी पडली तर ते अर्ध्या गुंगीत अंगावर येईल. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसात. त्यासाठी डॉक्टरला तितकंच जवळ जावं लागतं जितकं जुन्या शिकाऱ्याला. औषध चढायला मिनिटं जातात, आणि त्या मिनिटांत त्याच्या हाती दुसरी नळी नसते. पुढं उताऱ्याचं इंजेक्शन देऊन जनावर पुन्हा चार पायांवर उभं राहीपर्यंत त्याला तिथून हलता येत नाही.