आखूड धाग्यांची गोष्ट

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. कार्बन फायबर! मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईने यात कशाला पडावं, असं वाटेल. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर, आणि गोष्ट मोठी गमतीची आहे.

हे तंतू केसाच्या साधारण दहाव्या भागाइतके बारीक. खास कृत्रिम धागे हजार अंशांहून जास्त तापवून ते बनवतात आणि इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये बसवतात. अडचण इथेच आहे. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होतं का? तसंच. बोइंग ७८७ विमानाच्या वजनात निम्मा वाटा अशा संमिश्र पदार्थांचा. २०११ पासून ती प्रवासी नेत आहेत. कधीतरी तीही म्हातारी होणारच!

उपाय आहे, बरं का. तुकडे करून बंद भट्टीत, जवळजवळ हवेशिवाय, ५०० अंशांच्या आसपास तापवायचे. रेझिन वायू होऊन निघून जातं, तंतू मागे राहतात. त्यांची ताकद बरीचशी टिकते; जाते ती लांबी. हा गुंता मग पिंजारी कापूस पिंजतो तसा पिंजून त्याची चटई करतात आणि नवं रेझिन घालून साच्यात दाबतात. बीएमडब्ल्यूच्या आय३ मोटारीच्या (२०१३ ते २०२२) छपरात असे पुन्हा वापरात आणलेले तंतू होते.

मला भावलं ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातलं काम. तिथे आखूड तंतू पाण्यात सोडून झोताच्या मदतीने एका दिशेला लावतात. तुकडे अवघे काही मिलिमीटरचे, पण ओळीत लागले की त्या दिशेने पुष्कळ बळ येतं. प्रार्थनेची घंटा झाली की मैदानभर पांगलेली पोरं रांगेत यायची, त्याची आठवण झाली. पोरं तीच असायची!

पुन्हा विमानाचा पंख होणं या तंतूंच्या नशिबी बहुधा नसतं. नसू दे. लुगड्याची गोधडी झाली म्हणून कुणी हळहळत नाही.

खुपतं ते दुसरंच. नातवाच्या सायकलची कार्बन फायबरची फ्रेम तडकली, तेव्हा भंगारवाल्याने ती परत दिली. "आजी, लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, भाव कुठला लावू?" खरंच आहे त्याचं. रीत सापडली, पण त्याच्या तराजूपर्यंत ती पोचत नाही, तोवर हा माल माळ्यावर नाहीतर कचऱ्याच्या डोंगरातच जायचा.

तुमच्या गावात कुणी घेतं का हो असलं भंगार?